चाळीस घरांच्या झडपा

नगरपालिकेची नोटीस मंगळवारी आली आणि युनूस मिस्त्रीनं ती तीनदा वाचली. दोनदा वाचून राग पुरेसा चढत नव्हता म्हणून तिसऱ्यांदा.

'आपण बसविलेले व्हॉल्व निकामी आढळल्याने दूषित पाणी नागरिकांच्या घरात शिरले. आपला प्लंबिंगचा परवाना रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

गेल्या पावसाळ्यात नगरपालिकेनं नियम काढला होता. घरात आलेलं पाणी उलटं फिरून मोठ्या लाइनीत जाऊ नये म्हणून प्रत्येक नळजोडणीवर एकतर्फी व्हॉल्व बसवायचा. आत पितळेची एक झडप. पाणी आलं की उघडते, मागं वळलं की मिटते. गल्लीत जोडण्या एक्केचाळीस. एक युनूसच्या घरची, चाळीस लोकांच्या. सगळे व्हॉल्व त्यानं पुसदच्या बाजारातून निवडून आणले, स्वतः बसवले आणि एक्केचाळीस दाखल्यांवर स्वतःची सही केली. गल्लीत नियमाची चारही पानं वाचलेला माणूस तो एकटाच. बाकीच्यांनी फक्त शेवटची तारीख वाचली.

मागच्या शनिवारी नळाला फेस आला. पाण्याला साबण आणि डिझेलचा वास. सोमवारपर्यंत अकरा माणसं पोट धरून दवाखान्यात. शकुबाईची नात खुशी, सात वर्षांची, सलाइनवर.

शकुबाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा युनूसच्या हातात नोटीसच होती.

"वाचून राह्यला का?" ती म्हणाली. "वाच, वाच. तुह्या सहीनं माह्या पोट्टीले सुई लागली."

"काकी, मी झडप घालून देलती."

"घालून देलती तर पाणी कायले बिघडलं?"

याचं उत्तर युनूसकडं होतं. व्हॉल्व बसवून पंधरा दिवस झाले नाहीत तोच गल्लीत ओरड सुरू झाली, पाणी हळू येते. मग एकेकानं वरचं टोपण उघडवून आतली झडप काढवून घेतली. बाहेरचा डबा तसाच. तपासणीला येणारा बाहेरचा डबाच मोजतो. युनूसला हे दोघांनी हसत हसत सांगितलंही होतं. तो तेव्हा गप्प बसला, कारण दोघांकडंही त्याचं न्हाणीघराचं काम चालू होतं. आज त्याला लोकांवर जेवढा राग आला, त्यातला पाव हिस्सा स्वतःच्या नावावर निघत होता, आणि तो पाव हिस्साच जास्त जळत होता.

संध्याकाळी बबनरावांनी बोलावणं पाठवलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाड्या धुण्याचं सेंटर. साबणाच्या पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम आणि त्यात चोवीस तास बुडालेला नळाचा पाइप. नळ बंद झाला की रिकामी लाइन मागं ओढते, आणि ड्रममधलं पाणी, मधे झडप नसेल तर, खुशाल लाइनीत जातं. पुढच्या वेळी नळ सुटला की तेच शेजाऱ्याच्या हंड्यात. हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण गल्लीत ते कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, कारण मागच्या दोन निवडणुकांत बबनराव सगळ्यांच्या घरी चहा पिऊन गेले होते, आणि ज्याला आपण चहा पाजला त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे आपलीच साखर वाया घालवणं.

"युनूसभाऊ, कायले डोक्याले ताण देता?" बबनराव खुर्ची सरकवत म्हणाले. "लिहून टाका, मालच खराब निघाला. कंपनी दिल्लीची. थे कोन इथी भांडाले येते? पाणीपुरवठ्याच्या साहेबाशी माहं बोलणं झालं, उद्या अकराले खुलासा घ्याले येऊन राह्यले. तुमचं लायसन राहीन, गल्लीची इज्जत राहीन."

"अन् पोट्टी?"

"पोट्टी बरी होऊन राह्यली ना. बाप्पा, तुम्ही तं वकिलासारखे बोलून राह्यले."

युनूस घरी आला. जेवला नाही. त्याची आई जैबुनबी चुलीपाशी बसली होती. आठ महिने तीही रोज म्हणत होती, बेटा, आपली झडप काढ, हंडा भरता भरत नाही. आठ महिने त्यानं काढली नव्हती.

"लिहून दे ना मग," ती म्हणाली. "सगळेच खोटं बोलून राह्यले तं तू एकटा काय मोठा नवाब लागून गेला?"

"पुरावा पाहिजे अम्मी. व्हॉल्व उघडतो म्हणलं तं कोणी दारात उभं नाही करणार. अन् झडपा तं फेकून देल्या असतील."

जैबुनबी हसली. "फेकून? पैसे देऊन घेतलेली पितळ? या गल्लीत? अरे, शकुबाई तं फुटलेल्या कपाचा कान ठेवते डब्यात."

युनूस आईकडं बघत राहिला. मग ताट पुढं ओढून जेवला.

बुधवारी सकाळी त्यानं दाराबाहेर सतरंजी टाकली, पाना आणि टेफ्लॉन टेपची रिळं मांडली, मोठी थाळी ठेवली आणि गल्लीतून आवाज देत फिरला, "झडपा फुकट बसवून देतो. आज अकराले साहेब येऊन राह्यले. ज्याची झडप त्यानं घेऊन या."

ते खोटं नव्हतं. साहेब येणार होते, आणि फुकट म्हणजे फुकट.

पहिली शकुबाईच आली. मोहरीच्या डब्यातून काढलेली झडप, अजून दोन दाणे चिकटलेले. मग कोणी देव्हाऱ्याखालून काढून आणली, कोणी टीव्हीमागून. एकानं पोराच्या कंपासपेटीतून. युनूस मार्करनं प्रत्येकीवर नाव लिहीत होता.

"नीट लिही हो," शकुबाईनं दटावलं. "मले माहीच पाहिजे. या बाजूवालीची काळी पडली हाय."

दहापर्यंत थाळीत सदतीस झडपा झाल्या. एक घर कुलपात होतं, एकानं झडप हरवली होती. चाळिसाव्या जोडणीची घेऊन बबनराव स्वतः आले, रुमालात गुंडाळून. फुकटाला मोठा माणूस नसतो. "माह्या नावाले राव लावजा," ते म्हणाले. युनूसनं लावलं. अडतीस.

अकरा वाजता पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर अमरसिंग साहेब मोटारसायकलवरून उतरले. मागं नळ सोडणारा जीवन, हातात रजिस्टर. साहेब म्हणाले, "चला मिस्त्री, खुलासा द्या. माल खराब, दोन ओळी बस."

युनूसनं थाळी उचलून त्यांच्या हातात दिली. थाळी जड होती. साहेबांना दोन्ही हात लावावे लागले.

"हे काय?"

"खुलासा. नावं वाचा."

आपण काय घेऊन आलो हे तेव्हा कुठं एकेकाच्या ध्यानात आलं. बबनरावांचा हात थाळीकडं गेला. युनूसनं मधे पाना धरला. मारला नाही, नुसता धरला.

"दगा केला तुम्ही," बबनराव म्हणाले.

"मी बसवून देतो म्हणलं होतं, बसवूनच देतो. आधी साहेबांले वाचू द्या. अन् लोकांच्या भरवशावर राहू नका, साहेब, आपल्या जीवनले विचारा."

जीवन रजिस्टरमध्ये बघायला लागला. शकुबाईला राहवेना. "त्याले काय विचारता, त्यानंच काढून देली सगळ्यांची. पाणी हळू येते म्हणलं तं म्हणे, काकी, दोन मिनिटांचं काम हाय." बोलून झाल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. उशीर झाला होता.

युनूस आवाज न चढवता गल्लीकडं वळला. "तुम्हा सगळ्यांचे पाइप कुठी बुडालेले राहतात? कोणाचा धुण्याच्या टपात, कोणाचा म्हशीच्या हौदात. एकमेकाचं उष्टं पिऊन राह्यले अन् सही माही. अन् यांचा," त्यानं सेंटरकडं पाना दाखवला, "ड्रममधे. नियमाचं तिसरं पान. झडप काढून पाइप घाण पाण्यात आढळला तं जोडणी त्याच दिवशी तोडायची. नोटीस नाही, खुलासा नाही. खुलासा फक्त मिस्त्रीले लागते."

साहेबांनी घाम पुसला. थाळीतल्या अडतीस नावांत एकाचा मेहुणा त्यांच्याच ऑफिसात होता. पण अडतीस नावं खिशात मावत नाहीत, आणि बघणारे साठजण होते. त्यांनी पंचनामा लिहिला. नोटीस मागं घेतो, असं तोंडानं म्हणाले.

"तोंडी नाही," युनूस म्हणाला. "मले आली तशी शाईनं द्या."

तेही लिहून झालं. मग सगळे सेंटरपाशी गेले. साहेबांनी जीवनला खुणावलं. जीवन म्हणाला, पाना विसरलो. साहेबांनी युनूसकडं बघितलं.

"पाना घ्या," युनूसनं तो पुढं केला. "पण तोडायचं तुम्ही. माही सही पुष्कळ झाली."

इस्त्रीच्या शर्टात अमरसिंग साहेब उकिडवे बसले. नट सुटायला दहा मिनिटं लागली. बबनराव फोनवर फोन लावत होते. पलीकडून कोणी उचललं की ते बाजूला जाऊन बोलत आणि परत येत. तोवर नट थोडा आणखी फिरलेला असे.

दुपारी युनूस घरोघर झडपा बसवत फिरला. कोणी पाणी विचारलं नाही. एका दारात त्याला ऐकू जाईल असं कोणी म्हणालं, आता याले कामाले कोन बोलावते पाहू. त्यानं टोपण दोन आटे जास्तच घट्ट केलं.

शकुबाई त्याच्या डोक्यावर उभी राहून आपलीच झडप आत जाते ना, हे बघत होती. खुशीला संध्याकाळी घरी सोडणार होते.

"पाणी हळू येईन ना रे आता?"

"येईन हळू."

"किती हळू?"

युनूसनं पाना पिशवीत टाकला. "हंडा लावून बसून राहाजा, काकी," तो म्हणाला. "दवाखान्यात बसल्यापेक्षा लवकर भरते."