कंदील धरणारी म्हातारी

शिंप्यांच्या त्या गल्लीत मुलीनं किती शिकायचं, हे ठरवायची साधी रीत होती. तिला मशीनपुढच्या स्टुलावर बसवायचं आणि पाय पायडलला पोचतात का ते बघायचं. पोचले, की दुसऱ्या दिवसापासून दप्तर खुंटीला. थोरलीचे पाय कधी एकदा पोचतात याची सगळ्या घराला घाई असे. धाकट्या मुलींच्या पायांकडे मात्र कुणी फारसं बघत नसे, कारण तोवर घरात काम करणारे दोन हात तयार झालेले असत.

कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या थोरलीचे पाय अकराव्या वर्षी पोचले. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

शनिवारची दुपार होती. बाबा मशीनवर, आई फळीवर इस्त्री करत होती, आणि थोरली उंबऱ्यापाशी उजेडाला बसून शर्टांना काजं करत होती. धाकटी शाळेतून आली ती नाचतच.

"ताई, बाईंनी उतारा दिलाय! आधी स्वतःच्या शब्दांत सांगायचा, मग दहा ओळींत सारांश. जिचा सगळ्यात चांगला, ती शाळेच्या समारंभात स्टेजवर वाचणार!"

"मग लिही की. मला काय सांगतेस?"

"तू सांग ना. मी भराभरा लिहून घेते."

"स्वतःच्या शब्दांत म्हणाल्यात ना बाई?"

"मग तू काय शेजारची आहेस?"

बाबा हसले. आईही हसली. असं वर्षभर चाललं होतं. धाकटीला उतारा दिला, की ती तो जसाच्या तसा उतरवून काढायची, नाहीतर निम्म्यावर सोडून द्यायची. थोरलीला मात्र हे काम कुणी न शिकवता येत होतं. गेल्या वर्षी बाबांनी तिचा गणवेश धाकटीसाठी कापला, तेव्हा ती समोरच बसली होती. लांबी गेली, घेर गेला. पण कॉलर, खिसा, पट्टा जिथल्या तिथं. सारांश म्हणजे काय, हे तिला तेव्हाच कळलं. आपल्याच अंगावरून कात्री फिरल्यासारखं वाटलं, तेही तेव्हाच.

धाकटी उतारा वाचू लागली. एक नावाडी होता. दाट धुक्यात तो लोकांना नदीपार आणायचा. सगळा गाव त्याचं कौतुक करायचा. त्याची म्हातारी आई काठावर कंदील उंच धरून तासन् तास उभी असायची, म्हणून त्याला काठ सापडायचा. एके दिवशी ती आजारी पडली, आणि नाव धुक्यात तिथल्या तिथं फिरत राहिली.

थोरलीची सुई थांबली होती.

"स्टेजवर जायचं म्हणजे फ्रॉक नवा हवा," बाबा म्हणाले. त्यांनी कपाटातून निळं कापड काढलं. किती दिवस ते तिथं होतं. आपल्यासाठीच ठेवलंय असं थोरली मनाशी धरून बसली होती. "थोरले, याची बटणं तूच लाव हं. तुझा हात बसलाय."

धाकटीनं ते कापड अंगाला लावून गिरकी घेतली. थोरलीनं दातांनी दोरा तोडला.

"घे लिहून," ती म्हणाली.

तिनं सांगितलं, धाकटीनं लिहिलं. दहा ओळी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. धुकं होतं, नदी होती, शूर नावाडी होता. म्हातारी नव्हती, आणि कंदीलही नव्हता.

मंगळवारी शाळेच्या बाई स्वतःच दुकानात आल्या. बाबा गडबडून उठले. "या बाई, बसा. काही चुकलं का पोरीचं?"

बाईंनी वही उघडली. "चाळीस मुलींनी हा उतारा लिहिला. कुणी नदी विसरली, कुणी धुकं विसरली. म्हातारीला एकीनंही सोडलं नाही. फक्त या वहीत ती नाही. नजरचुकीनं राहिली असती तर मध्ये भोक दिसलं असतं. इथं टाका न् टाका उसवून तिला बाहेर काढलंय, आणि वरून साफ शिवून टाकलंय. उताऱ्याचा जीव कशात आहे हे पुरतं कळल्याशिवाय हे जमत नाही. कुणाचं काम हे?"

"मी नाही! ताईनं सांगितलं!" धाकटी म्हणाली.

"मीच काढली," थोरली खाली बघत म्हणाली. "मुद्दाम."

"का गं?"

"शब्द माझे. आणि स्टेजवर ही. कापड पण हिलाच."

"दुष्ट!" धाकटी रडायला लागली.

"लाज नाही वाटत?" बाबा कडाडले. "सख्ख्या बहिणीवर जळतेस?"

"ती जळणारच, दादा," बाई म्हणाल्या. "भरल्या ताटावरून उठवलंत तिला, आणि वर वाढायला लावलंत. बाळ, आता सांग बरं, म्हातारीसकट."

थोरलीनं सांगितलं. शेवटी म्हणाली, "सगळे नावाड्याला शाबास म्हणाले. कंदील धरून हात कुणाचा भरून आला, ते कुणी विचारलं नाही."

बाईंनी वही मिटली.

"पण बाई," बाबांचा आवाज उतरला, "काजं कोण करणार? गल्लीची रीत आहे ही."

थोरलीनं सुई उशीत खोचली. "बाबा, मी उद्यापासून शाळेत जाणार. काजं शाळा सुटल्यावर करीन. नाही म्हणालात, तर सुईला हात लावणार नाही."

बाबा काही बोलणार, तोच आईनं इस्त्री उभी करून ठेवली. "माझे पाय नवव्या वर्षी पोचले होते," ती म्हणाली. "तिथंच माझी शाळा संपली. काजं मी करीन. हिला जाऊ द्या."

बाबांनी हातातली टेप उलगडली. मग म्हणाले, "उभी राहा. माप घेतो."

तिचा जुना गणवेश कापलेला, त्यामुळे नवा शिवणं आलंच.

"हिला अख्खा नवा, आणि मला हिचा कापलेला?" धाकटीनं गाल फुगवले. थोरलीला त्याचा आनंद झाला. व्हायला नको होता, पण झाला.

त्या रागात धाकटीनं पहिल्यांदा स्वतः सारांश लिहिला. चारच ओळी, त्याही वाकड्या. पण म्हातारी पहिल्याच ओळीत होती.

थोरली पुढं त्याच शाळेत बाई झाली. सारांश शिकवताना ती नियम सांगत बसत नसे. मुलीनं वही पुढं केली, की एवढंच विचारायची, "यातून कुणाला वगळलंस?" आणि एखाद्या सकाळी बाकावरची जागा रिकामी दिसली, की शाळा सुटल्यावर ती छत्री घेऊन त्या मुलीच्या घराकडे निघायची. स्टुलावर कुणाला बसवून बघताहेत, ते तिला दारातूनच कळायचं.