नावापुरती जागा

"आई, कॅरोलचा कप मागे का ठेवलास?" नैनाने विचारलं.

"मग फुलं कुठे ठेवू?" शुभाताईंनी स्वतः आणलेला पेला आणखी पुढे सरकवला.

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या नैनाच्या घरात दुपारी तिच्या बाळाचं बारसं होतं. पेला चांदीचा, पुण्यात घडवलेला, कोरा करकरीत. नैनाच्या सासूने, कॅरोलने दिलेला चांदीचा कप दोनशे वर्षांपूर्वीचा, इंग्लंडमधला. त्यावर घराण्यातल्या चार बाळांची नावं कोरलेली होती. शेवटचं नैनाच्या नवऱ्याचं. खाली एका नावापुरती जागा होती.

"चार जणांचा उष्टा कप!"

"आई, प्लीज! अँटिक आहे तो."

पाहुण्यांनी कपाचे फोटो काढले. तिथल्या मराठी मंडळातल्या सरलाने तो उलटा करून तळाचे छाप वाचले. मग म्हणाली, "काकू, तुमचाही पेला छान आहे हं."

त्या 'ही'वर शुभाताईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

नाव ठरलं, ईशान. सोमवारी कपावर कोरून घेते, असं कॅरोल म्हणाली. मग तिने पेला उचलला आणि त्यावर काय लिहिलंय ते विचारलं. नैनाने वाचलं, "'चि.'... पुढे मोकळी जागा... 'यास आजी सौ. शुभा रवींद्र गोडसे यांजकडून सप्रेम भेट'."

"बाळाचं नाव कुठे आहे?" कॅरोलने इंग्रजीत विचारलं.

बारशाआधी नाव कुणाला ठाऊक असतं? सराफाने जागा सोडली होती. आजीचं नाव मात्र आडनावासकट होतं.

"कपाबरोबर हाही कोरायला देते," कॅरोल म्हणाली.

"त्या माणसाला मराठी येतं का, विचार तिला," शुभाताई म्हणाल्या. नैनाने त्याचं भाषांतर केलं नाही.

सोमवारी कॅरोल कप घेऊन गेली. शुभाताईंनी गॅरेजमधून खिळा आणि हातोडी आणली. त्यांची आई घरच्या भांड्यांवर अशीच टिंब टिंब ठोकून नावं घालायची. ती भांडी पितळेची होती. पेल्याचा पत्रा पातळ. 'ई' जमला. 'शा' तिरका गेला. 'न'च्या शेवटच्या टिंबाला हातोडी जरा जोरात बसली.

गुरुवारी कप परत आला. पाचवं नाव पहिल्या चारांसारखंच, नाजूक. कॅरोलने तो शुभाताईंच्या हातात दिला. त्यांनी पाहिला, पुसला आणि टेबलावर पुढे ठेवला.

"आई, तुझ्या पेल्यातून पाजू या त्याला पहिलं पाणी," नैना म्हणाली.

शुभाताईंनी पेला भरून आणला. 'न'खाली एक थेंब जमला. त्यांनी त्यावर अंगठा दाबला.

"दे ना इकडे."

"मीच धरते," त्या म्हणाल्या.