रिकाम्या खोलीचं एक मिनिट

सकाळचं माझं मौन सुटेपर्यंत धाकट्या भावाचे सात फोन येऊन गेले होते. आठवा मी उचलला. "ताई, स्टुडिओत ये. काहीतरी ऐकवायचंय. तू नाही म्हणालीस तर लावणार नाही," एवढंच बोलून त्याने ठेवला.

धाकटा संगीत-निर्माता. तीन वर्षं एकच अल्बम करत होता. सोल, डिस्को, रेगे, जॅझ, सगळं एकात; अकरा गाणी, मध्ये कुठेही खंड नाही. सॅक्सोफोन ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. "चार जावा एका स्वयंपाकघरात घालतोयस, भांडी आपटणारच," असं हे त्याला म्हणायचे. रेगेचा ठेका म्हणजे तर रुसलेला जावई. वाट बघावी तिथे येत नाही, आणि आपण ताटं उचलायला लागलो की दारात हजर. आठ महिन्यांपूर्वी हे गेले. त्यांचं वाजवणं तेवढं पुरं झालं होतं.

स्टुडिओ गाद्यांच्या दुकानाच्या वर. भिंतींना खालच्याच नापास गाद्या ठोकलेल्या, त्यामुळे आत शिरलं की आपलं बोलणं ओठांपाशीच विरतं. यंत्रांसमोर इंजिनिअरबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

धाकटा सांगू लागला. वाजवून झालं की सगळ्यांना बाहेर काढून रिकाम्या खोलीचं एक मिनिट टिपायचं, ही स्टुडिओतली पद्धत. खोली रिकामी असली तरी गप्प नसते, तिची बारीक घरघर चालू असते. गाण्यांमधल्या भेगांत ती भरली की सांधा कळत नाही. डिस्कोतून रेगेत उतरताना त्याचं गाणं दर वेळी उसवत होतं. पंधरा दिवसांची पंधरा मिनिटं त्याने लावून पाहिली. एकच बसलं.

"आता सगळा अल्बम त्या मिनिटावर उभा आहे," तो म्हणाला. "पण त्या दिवशी भावोजी बाहेर गेलेच नव्हते. कोपऱ्यात बसून राहिले होते. आम्हाला दिसलेच नाहीत. मिनिटाच्या शेवटी त्यांचा श्वास आलाय."

"मी तो श्वास पुसून पाहिला," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "पुसला की सांधा सुटतो."

त्यांनी आवाज वाढवला. बराच वेळ नुसती घरघर. मग नाकातून घेतलेला एक लांब श्वास, मध्ये किंचित अडखळलेला. तीस वर्षं शेजारी ऐकलेला. लगेच पुन्हा घरघर, आणि पुन्हा तोच श्वास आत.

"सोडला कुठे?" मी विचारलं.

"मिनिट तिथेच संपलं, ताई," धाकटा म्हणाला. "तेच मिनिट अल्बमभर गाण्यांखाली पुढे पुढे जोडत नेलंय."

"किती वेळा?"

"त्रेचाळीस."

"त्रेचाळीस वेळा घ्यायचा आणि एकदाही सोडायचा नाही?" माझा आवाज चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "शेवटी त्यांना श्वास सोडणंच जड झालं होतं. तू होतास ना उशाशी? त्यांना असं कोंडून वर लोकांना नाचवणार? माझी परवानगी नाही."

"मग अल्बम संपला," धाकटा म्हणाला. रागाने नाही. तो डोळे चोळत होता. "आणि भावोजींचं शेवटचं काम पण."

शेवटी बाईच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोडलेला श्वास कुणाचाही चालेल. प्रत्येक मिनिटाच्या शेवटी जोडते. ताई, तुमचा घेऊ या?"

मी आत गेले. कोपऱ्यात हे बसले होते तिथेच बसले. दार लागलं. लाल दिवा आहे तोवर रेकॉर्डिंग, शेवटी श्वास घ्यायचा आणि सोडायचा, एवढंच काम. मी घेतला. तो मध्येच अडखळला. आणि मग मला सोडवेना. हा सोडला की हे गेलेच, असं काहीतरी मनात येत राहिलं. दिवा विझला. त्यानंतर मी श्वास सोडला.

पुन्हा करू या, असं सांगायला बाहेर आले, तर त्यांनी लावलंही होतं. घरघर. अडखळता श्वास आत. मग सावकाश, पार तळापर्यंत, बाहेर.

"किती मोकळा आलाय, ताई," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "दिवा जायच्या चार सेकंद आधी. अगदी वेळेवर."

तेव्हा माझा श्वास माझ्या छातीतच होता. ते मी दोघांनाही सांगितलं नाही.

"लाव," मी धाकट्याला म्हणाले.