बुट्टी बाहेर, चुंबळ डोक्यावर

मी एक जुनी चुंबळ आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. डोके आणि बुट्टी, म्हणजे टोपली, यांच्यामध्ये बसणाऱ्या कापडी कड्याकडे कोण लक्ष देतो? लोक बुट्टीतली भाजी पाहतात, घासाघीस करतात आणि दार लावून घेतात. इकडे धारवाडात मला सिंबीही म्हणतात. दोन्ही नावांना मी ओ देते.

मला दानप्पाने वळले. तो अमरगोळच्या बाजार आवारात हमाल होता आणि त्याची बायको मार्थव्वा मळमड्डीत दारोदार भाजी विकायची. तिच्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ आणि स्वतःचा विटका पंचा एकत्र पिळून, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्याने मला असे आवळले की माझा जीव कासावीस झाला. "सैल सिंबीनं मान जाती," असे तो म्हणाला. बाजारातल्या बायका मला हातात घेऊन बघत आणि आम्हालाही अशीच वळून दे म्हणत. त्या दिवसांत मी जरा तोऱ्यातच होते.

भरलेली बुट्टी एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. मार्थव्वाला रोज सकाळी दानप्पा हात लावायचा आणि मग कामाला जायचा. एका सकाळी तो म्हणाला, "आज उजवा हात जड लागतोय गं." ऊन चढायच्या आत कोथिंबीर विकली जायला हवी होती. "तेवढी बुट्टी लावा आनि पडा जरा," मार्थव्वा म्हणाली. त्याने हात लावला आणि ती निघाली. दुपारी परतली तेव्हा तो उंबऱ्याशी पडलेला होता. त्याची उजवी बाजू लुळी झाली, जीभ अडखळू लागली आणि अमरगोळ कायमचे सुटले.

त्यानंतर मार्थव्वाने कुणालाही हात लाव म्हटले नाही. ती बुट्टी घराबाहेरच्या उंच कट्ट्यावर ठेवूनच भरायची, खाली वाकायची, मान घालायची आणि एकटीच उठायची. तिची मान कटकन वाजे. चालताना ती पुटपुटत असे, "मीच उचलायला लावलं. देवा, मीच." रस्त्यावर स्कूटरी आणि रिक्षांचा एवढा गोंगाट, त्यात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार? दानप्पाला तिने हे कधीच सांगितले नाही. ती त्याला वेळच्या वेळी भरवायची, अंग पुसायची, पण त्याच्या तोंडाकडे बघत नसे. चर्चमधल्या बायका मदतीला येऊ का विचारायच्या, तर ही म्हणायची, "नको, माझं मी बगते." मदत घ्यायचा आपला हक्कच उरला नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. मला विचारले असते तर मी दोन शब्द सुनावले असते. पण चुंबळीला कोण विचारतो?

मग गेल्या उन्हाळ्यातला तो रविवार आला. भाजी विकता विकता मार्थव्वाला उशीर झाला. चर्चमध्ये गाणे सुरूही झाले होते. तिने चिंचेखाली चपलांशेजारी बुट्टी ठेवली आणि घाईघाईने डोक्यावर पदर घेतला. प्रार्थनेला बायकांनी डोके झाकून बसायचे, ही तिथली रीत. मला काढायचे मात्र ती विसरली. मी पदराखाली तशीच बसून राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा उपासना ऐकली.

पाळक थोडे कानडीत, थोडे मराठीत बोलत होते. ओझी वाहून दमलेल्यांना येशू जवळ बोलावतो, त्यांना विसावा देतो, असे ते सांगत होते. मार्थव्वा मान डोलावत होती. तिने हे लहानपणापासून ऐकलेले होते. मग सगळ्या बायका प्रार्थनेसाठी वाकल्या, तीही वाकली, आणि मी पदरातून निसटून शेजारी बसलेल्या कृष्णाबाईंच्या गुडघ्यापाशी जाऊन पडले.

मागे कुणीतरी फिस्स करून हसले. कृष्णाबाई सगळ्यांत वयस्कर. त्या हळूच म्हणाल्या, "अगं मार्थव्वा, बुट्टी भाईर ठेवलीस आनि सिंबी तेवढी डोक्यावरच की!"

मार्थव्वा आधी हसली. मग तिला जे रडू फुटले, ते आवरेना. वाकल्या वाकल्याच तिने ती सकाळ सांगितली, थोडी कृष्णाबाईंना आणि थोडी देवाला.

"येशूनं बोलावलं म्हणून आलीस न्हवं?" कृष्णाबाई म्हणाल्या. "मग हे ओझं कुणासाठी ठेवून घेतलंस? त्याच्याजवळ ठेव आनि घरी जाऊन दानप्पाला सांग."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरे तर ती माझी जागा होती, पण त्या दिवशी मी ती सोडली. मार्थव्वा बराच वेळ तशीच वाकून होती. उठताना तिची मान वाजली. मान काही एका प्रार्थनेने बरी होत नाही. पण बाहेर आल्यावर तिने कट्टा शोधला नाही. "अक्का," ती कृष्णाबाईंना म्हणाली, "जरा हात लावता?"

घरापर्यंतच्या वाटेवर ती पुटपुटली नाही. घरी येऊन तिने मला खाली ठेवले, दानप्पासमोर बसली आणि सगळे सांगितले. तो एकेक शब्द जुळवत म्हणाला, "हात... आधीच जड होता गं. बुट्टीनं... काय केलं?" पुढे म्हणाला, "तू बघंनास माझ्याकडं. मला वाटलं... तुला कंटाळा आला माझा."

मार्थव्वाने त्याच्याकडे बघितले. मला वाईट वाटले. दोघे एकाच खोलीत राहत होते आणि प्रत्येकजण आपापले ओझे एकटाच वाहत होता.

मी तोवर पार सैल झाले होते. दुसऱ्या दिवशी दानप्पाने मला उलगडले. एक टोक त्याने डाव्या पायाच्या अंगठ्यात धरले, दुसरे मार्थव्वाने धरले, आणि एका हाताने त्याने मला पुन्हा वळले. पूर्वीइतकी घट्ट मी आता नाही. पण मार्थव्वा दुसरी चुंबळ डोक्यावर घेत नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. फाटले तर माझे पायपुसणे होईल, तेही चालेल. एवढेच करा. कुणी बुट्टीशेजारी ताटकळत उभे दिसले, तर जाऊन हात लावा. आणि तुम्ही स्वतः देवापुढे ओझे उतरवून बसाल, तेव्हा एकदा पदराखाली हात घालून बघा. ओझे पुन्हा उचलायच्या तयारीत चुंबळ कदाचित अजून डोक्यावरच असेल.