घटीचं कारण

विवाह नोंदणी कार्यालयातल्या बाईंच्या खणात एक कागद पडून होता. दूरच्या शहरात बढतीवर जाणार की नाही, ते आज पाचपर्यंत कळवायचं होतं. बाईंना जायचं नव्हतं. पण राहायचं तर कुणासाठी? ज्यांच्यासाठी राहायचं, ते सात वर्षं वरच्या मजल्यावर बसून टक्केवारी काढत होते.

सांख्यिकी विभागातले हे आकडेसाहेब दर वर्षाअखेरीला खाली येत, लग्नं किती झाली ते उतरवून घेत आणि वाढ-घटीचं कारण विचारत. कारण शोधता शोधता एक चहा व्हायचा, मग दुसरा. खरं तर आकडे शिपायाच्या हातीही मागवता आले असते. हे सगळ्या इमारतीला कळलं होतं, एकट्या साहेबांना सोडून.

"यंदा चौदा कमी," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "भाडी वाढली म्हणून?"

"ते गेल्या वर्षी लिहिलंत."

"नोकऱ्यांचा भरवसा नाही?"

"ते त्याच्या आदल्या वर्षी." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. "यंदा लिहा, विचारणारे विचारत नाहीत."

साहेबांनी ते वळणदार अक्षरात उतरवून घेतलं. बाईंना कपाळाला हात लावावासा वाटला.

"अशी प्रकरणं किती?"

"एक."

"एकावरून निष्कर्ष काढता येत नाही, बाई," असं म्हणून साहेब जिना चढून गेलेसुद्धा.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच त्यांना राग आला. त्यांनी खण उघडला, कागदावर 'मान्य' लिहिलं. सही तेवढी राहिली होती, तोच जिन्यावर पावलं धडधडली.

"ते एक प्रकरण," साहेबांना धाप लागली होती, "वरच्या मजल्यावरचं आहे का?"

"सात वर्षांपासून."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "मग विचारतो. कराल माझ्याशी लग्न?"

"करेन. पण इथं नाही. माझं लग्न मलाच नोंदवता येत नाही, शेजारच्या गावच्या कार्यालयात जावं लागेल."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आकडा त्यांचा वाढणार. मग पुढच्या वर्षी आपल्याकडे घट आली, तर कारण काय लिहू?"

"लिहा, नोंदणीबाई स्वतःच लग्नाला बाहेरगावी गेल्या होत्या."

साहेबांनी लगेच पेन उचललं. बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, कारण पाच वाजत आले होते आणि 'मान्य' खोडायचं होतं.