भूवर्धन महाराजांचं मीटर

कमळकाकूंच्या खाचराच्या बांधावर अख्खं गाव लोटलं होतं. चिखलणी करणारा ट्रॅक्टर थांबला आणि भूवर्धन महाराजांनी त्यावर बसवलेल्या मीटरचा आकडा मोठ्यानं वाचला.

"परवा कोरड्यात वीस गुंठे होते. आज तेवीस. माऊलीनं कूस रुंदावली."

माणसं चिखलात गुडघे टेकून नमस्कार करू लागली. शिकलीसवरलेलीसुद्धा.

श्रीवर्धनला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या या महाराजांना शेतीतलं काही कळत नव्हतं. माणसांचा मूर्खपणा मात्र नीट कळला होता. आधी ते कोरडं शेत ट्रॅक्टरनं मोजायचे. मग पंप लावून त्यात पाणी भरायचे. या प्रकाराला नाव भूमिस्नान. चिखल झाला की पुन्हा मोजणी. वाढलेली जमीन देवाची, म्हणून तेवढी महाराजांच्या मठाच्या नावे लिहून द्यायची. समुद्राकाठच्या जमिनीला सोन्याचा भाव आलेला, आणि आमच्या गावातल्या दोघांनी ती हसत हसत देऊनही टाकली होती.

काकूंचा दीर धर्मा कागद घेऊन पुढे आला. "वयनी, सही कर. देवाचं हाय ते. आपल्याला पचायचं न्हाय."

नवऱ्यामागे काकूंनी याच खाचरावर घर उभं ठेवलं होतं. त्यांनी पेन हातात घेतलं नाही.

"शेत वाढलं, तर बांध का सरकला न्हाय?" त्यांनी विचारलं. "का शेजाऱ्याचं तेवढं आटलं?"

महाराज कनवाळूपणे हसले. "माई, दैवी वाढ डोळ्यांना दिसत नाही. यंत्राला दिसते. यंत्र खोटं बोलेल का?"

"यंत्रालाच विचारू," काकूंची सून जागृती म्हणाली. ती हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिनं ट्रॅक्टरवाल्या रघूला खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं चिखल सगळ्यात खोल होता. "रघूदादा, तिथं घाला. मीटर चालू ठेवा."

ट्रॅक्टर कोपऱ्यात गेला आणि रुतला. रघूनं जोर दिला, तशी मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. ट्रॅक्टर तसूभर पुढे जाईना. मीटरवरचा आकडा मात्र चढत राहिला.

"काकी, अजून वाढतंय," रघू ओरडला आणि स्वतःच हसू लागला.

"हे मीटर शेत बघत नाही," जागृती गावाकडे वळून म्हणाली. "मागचं चाक किती फिरलं ते मोजतं आणि अवजाराच्या रुंदीनं गुणतं. कोरड्या जमिनीत चाकाला पकड मिळते. चिखलात ते घसरतं, तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं. भूमिस्नान त्याचसाठी होतं."

"चिखलात देवीचा वास असतो," महाराज म्हणाले.

"मग टेप लावू. तो घसरत नाही."

टेप आणायला माणूस धावला. चारही बाजू मोजल्या. जमीन होती तेवढीच निघाली. तोवर महाराज मीटर तिथंच टाकून, धोतर सावरत रस्त्याला लागले होते. धर्मानं हातातला कागद फाडला, पण वहिनीकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. जमीन लिहून दिलेले दोघे दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले. ती अजून परत मिळायची आहे.

अशा भोंदूंचा मला राग येतोच, पण गुडघे टेकणाऱ्यांचा जास्त येतो. कुणी यंत्रावरचा आकडा दाखवून चमत्कार सांगू लागला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे यंत्र नेमकं मोजतं काय?