खिडकीतली बाई

दाताच्या डॉक्टरांना सिनेमाचं वेड होतं, आणि तेही साधंसुधं नाही. युरोपातले जुने, काळेपांढरे, ज्यात माणसं तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतात, असे सिनेमे. पेशंटनं आ वासला की डॉक्टरांची शिफारस सुरू. तोंडात कापूस असताना नाही कोण म्हणणार? असं करत त्यांनी रविवार दुपारचं मंडळ जमवलं होतं. त्याला भराभर गळती लागली आणि उरले दोघे: डॉक्टरांचे साडू आणि गेल्या वर्षी बायको गेलेले शेजारचे हेडमास्तर.

साडूंनी आज आल्याआल्याच बजावलं, "हे बघा, आज पुन्हा झोप आली तर पुढच्या रविवारपासून मारामारीचे सिनेमे. नाहीतर मी काही येत नाही."

डॉक्टरांची पाचावर धारण बसली. मंडळ मोडलं तर आपलं पांडित्य ऐकायला घरात फक्त फ्रीज उरेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी इंटरनेटवरून ठेवणीतला सिनेमा लावला.

पडद्यावर एक बाई खिडकीशी येऊन उभी राहिली. उभीच राहिली. साडूंची चुळबुळ सुरू झाली.

"बघा," डॉक्टर घाईघाईनं कुजबुजले, "दिग्दर्शकानं काळच थांबवलाय! पापणीसुद्धा लवत नाही तिची. याला म्हणतात धाडस."

मग ते शांततेवर जे बोलत सुटले ते सुटलेच. तेवढ्यात बायको आतून आली आणि त्यांच्या कानाशी लागली. "अहो, इंटरनेट गेलंय. मघापासून."

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. आता कबूल करावंच लागणार होतं. पण हेडमास्तर रडत होते.

"आमची ही अशीच उभी राहायची हो," ते म्हणाले. "मी शाळेतून येईपर्यंत. मी कधी वर बघितलंच नाही."

साडूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मंडळ वाचलं होतं, आणि ते डॉक्टरांनी नव्हे, बंद पडलेल्या इंटरनेटनं वाचवलं होतं. हा सिनेमा डॉक्टरांना तोंडपाठ होता, पण त्यांचे डोळे कधी ओले झाले नव्हते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

अचानक चित्र हललं. बाई वळली आणि निघून गेली.

"अहो, थांबवा तिला!" हेडमास्तर म्हणाले. "अजून जरा बघू दे."

डॉक्टरांनी तिला परत खिडकीशी आणून थांबवलं, आणि स्वतः गप्प बसले.